डि अँझा की थेट चार वर्षांचं विद्यापीठ: सनीव्हेलमधल्या एका घराचा हिशेब

कॅलिफोर्नियात बारावीनंतर काय करायचं याचा निर्णय बहुतेक मराठी घरांत एप्रिलमध्ये, घाईघाईत होतो. प्रवेशाची पत्रं मार्चअखेरपर्यंत येतात आणि १ मेच्या आत एका विद्यापीठाला होकार कळवायचा असतो. मधल्या महिन्यात घरात जी चर्चा होते तिच्यात पैसा, प्रतिष्ठा आणि भीती असं सगळं एकत्र कालवलेलं असतं. इथे मांडलेलं प्रकरण २०२३ सालचं, सनीव्हेलमधल्या एका कुटुंबाचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. आकडे फी-पत्रकांवरचे आहेत, आणि जिथे कुटुंबाचा अंदाज आहे तिथे तसं म्हटलं आहे.

घरात चौघं. बाबा एका मध्यम आकाराच्या कंपनीत नोकरीला, आई एका प्रीस्कूलमध्ये अर्धवेळ शिकवते. थोरली बारावीत आणि धाकटा आठवीत. ग्रीन कार्ड हातात होतं. भाड्याचं दोन बेडरूमचं घर, त्यामुळे पगार भारतातल्या नातेवाइकांना डोळे दिपवणारा वाटला तरी महिनाअखेरीस शिल्लक बेताचीच.

थोरलीला कंप्युटर सायन्स करायचं होतं. दहावीत तिचे ग्रेड घसरले होते, अकरावीत सावरले. पण युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, प्रवेशासाठी नेमके दहावी-अकरावीचेच ग्रेड धरते, आणि २०२१पासून सॅट ही प्रवेशपरीक्षा तर बघतच नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो, डेव्हिस, सगळीकडून नकार. सॅन होजे स्टेटच्या कंप्युटर सायन्सचाही नकार आला, आणि तो आईला सर्वांत जास्त लागला, कारण ते विद्यापीठ घराजवळचं. होकार दोन होते. यूसी मर्सेड आणि हेवर्डचं कॅल स्टेट ईस्ट बे, दोन्हीकडे कंप्युटर सायन्स. (कॅल स्टेट म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी; सॅन होजे स्टेटही तिच्यातलंच.)

तिसरा पर्याय कुणाच्या पत्राची वाट न पाहता उघडा होता: कुपर्टिनोचं डि अँझा हे कम्युनिटी कॉलेज. १९६०च्या मास्टर प्लॅनने राज्याचं उच्चशिक्षण तीन पायऱ्यांत वाटून दिलं. वरच्या एक-अष्टमांश विद्यार्थ्यांसाठी यूसी, वरच्या एक-तृतीयांशासाठी कॅल स्टेट, आणि शिकू इच्छिणाऱ्या कुणालाही कम्युनिटी कॉलेज. तिथे दोन वर्षं करून तिसऱ्या वर्षाला मोठ्या विद्यापीठात जायचं, ही बदलीची (ट्रान्सफरची) वाट त्या आराखड्यातच आखलेली आहे. कमी मार्कांच्या मुलांसाठी नंतर काढलेली ती पळवाट नव्हे. त्या घराला सल्ला द्यायला गेले तेव्हा हे मी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं, कारण सांगलीहून आजींचे फोन सुरू झाले होते आणि थोरली मान खाली घालून बसली होती.

कोणाला काय वाटत होतं

आईचं मत पक्कं होतं. डि अँझाला दोन वर्षं जवळपास फुकटात काढायची, मग बर्कली. ओळखीतल्या एका मुलाचं तसं झालं होतं. बाबांना मर्सेड हवं होतं. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता, कारण ते स्वतः अशाच वाटेने आलेले. सोलापूरला पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा आणि मग पुण्यात थेट सेकंड इयर इंजिनिअरिंग. ते म्हणाले, "मधूनच वर्गात शिरणाऱ्याचं काय होतं ते मी भोगलंय. बाकीच्यांचं गणिताचं एम-वन, एम-टू झालेलं, आणि मला एकदम एम-थ्री. पहिलं सेमिस्टर नुसतं तगून राहण्यात गेलं. ग्रुप जमलेले, लॅब पार्टनर ठरलेले. तिच्या वाट्याला ते नको."

थोरली गप्प होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "काकू, मला मर्सेडला जायचं नाहीये. पण डि अँझाला गेले तर सगळे म्हणतील, हिला कुठेच मिळालं नाही."

ईस्ट बेबद्दल कुणीच बोलत नव्हतं. होकार येऊनही तो पर्याय टेबलावर नव्हताच. हे मला नेहमी दिसतं आणि दर वेळी वाईट वाटतं. घरून जाऊन-येऊन करता येईल असं, रास्त फीचं चार वर्षांचं सरकारी विद्यापीठ केवळ नाव गाजलेलं नाही म्हणून हिशेबातूनच गळतं.

पैशाचा हिशेब

म्हणून हिशेबाची सुरुवात तिथूनच केली.

२०२३-२४ला कॅल स्टेटची राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठीची ट्यूशन ५,७४२ डॉलर होती. वर कॅम्पसची इतर शुल्कं, पुस्तकं आणि सनीव्हेल ते हेवर्ड रोजच्या गाडीचा खर्च धरून कुटुंबाने वर्षाला १० हजारांचा अंदाज काढला. चार वर्षांचे ४० हजार.

मर्सेडला यूसीची ट्यूशन आणि विद्यार्थी सेवा शुल्क मिळून १३,७५२. कॅम्पसचं शुल्क, राहणं, जेवण, येणं-जाणं धरलं की आकडा ३५ ते ४० हजारांत जातो. चार वर्षांचे दीड लाख, मदत वजा न करता.

डि अँझा क्वार्टर पद्धतीवर (नेहमीच्या वर्षात तीन टर्म) चालतं आणि राज्यातल्या विद्यार्थ्याला एका युनिटचे ३१ डॉलर पडतात (सेमिस्टरवाल्या कॉलेजांत ४६). पूर्ण वर्षाचे ४५ युनिट म्हणजे १,३९५ डॉलर. पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला कॉलेज प्रॉमिस या फीमाफीच्या योजनेखाली दोन वर्षांपर्यंत हीसुद्धा माफ होऊ शकते. पुस्तकं आणि किरकोळ आकार धरून दोन वर्षांचे ५ हजार पुरे. पुढची दोन वर्षं घरी राहून सॅन होजे स्टेट केलं तर आणखी साधारण २० हजार, एकूण २५. पुढची दोन वर्षं बाहेरगावच्या यूसीला राहून केली तर एकूण ८० ते ८५ हजार.

हे चार आकडे एका कागदावर आले तेव्हा आईचा चेहरा बदलला. कम्युनिटी कॉलेजातून पुढे कुठेही गेलं तरी स्वस्तच, हे गृहीत एका झटक्यात कोसळलं. तिच्या मनातली डि अँझा ते बर्कली ही वाट ईस्ट बेच्या दुप्पट महाग होती! सगळ्यांत स्वस्त पर्याय होता डि अँझा अधिक सॅन होजे स्टेट, आणि तो ईस्ट बेपेक्षा फक्त १५ हजारांनी कमी. शिवाय राज्याची मिडल क्लास स्कॉलरशिप दोन लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नापर्यंतच्या कुटुंबांना लागू होते, पण ती यूसी आणि कॅल स्टेटच्या वर्षांसाठी. कम्युनिटी कॉलेजच्या नेहमीच्या दोन वर्षांना ती नाही. म्हणजे ईस्ट बेला ती चार वर्षं मिळण्याची शक्यता, दुसऱ्या वाटेला दोनच. १५ हजारांचा फरक आणखी आटतो.

आता त्या १५ हजारांसमोर धोका काय? बदली एका वर्षाने लांबली तर फी फारशी वाढत नाही, पण नोकरीचा पहिला पगार वर्षभर पुढे जातो. त्या पगारापुढे १५ हजार म्हणजे काहीच नाही. आणि बदली लांबणं अपवादात्मक नाही. राज्याच्या ऑडिटरने २०२४मध्ये दिलेल्या अहवालानुसार, २०१७ ते २०१९ या काळात बदलीच्या उद्देशाने कम्युनिटी कॉलेजात आलेल्यांपैकी चार वर्षांत प्रत्यक्ष बदली झालेले साधारण पाचातले एकच. त्यात नोकरी सांभाळून, अर्धवेळ शिकणारे खूप असतात, तेव्हा पूर्णवेळ, घरून शिकणाऱ्या मुलीला तो आकडा जसाच्या तसा लावू नये. तरीही तो डोळ्यांसमोर असावा.

टर्मचा तक्ता

बदली वेळेत होईल का, हे मुलाच्या हुशारीइतकंच विषयांच्या साखळीवर ठरतं. हे समजावून सांगण्यापेक्षा करून पाहिलेलं बरं. आम्ही असिस्ट नावाचं राज्याचं संकेतस्थळ उघडलं. तिथे कॉलेज, विद्यापीठ आणि मेजर (पदवीचा मुख्य विषय) निवडलं की दोन रकाने येतात. डावीकडे विद्यापीठाला हवा असलेला विषय, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा डि अँझाचा विषय. काही ओळींत उजवीकडे विषयच नसतो. तिथे लिहिलेलं असतं, 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड'. तो विषय बदलीनंतरच करावा लागतो. थोरलीने पाच विद्यापीठांच्या अशा याद्या छापल्या आणि रंगीत पेनांनी खुणा केल्या. कोणता विषय सगळ्यांना चालतो आणि कोणता एकाच ठिकाणी लागतो ते अर्ध्या तासात कागदावर दिसायला लागलं.

मग आईने धाकट्याची आलेखवही घेऊन चौकोन आखले: फॉल, विंटर, स्प्रिंग, समर, आणि पुन्हा तेच. प्रोग्रॅमिंगची साखळी सीआयएस २२ए, २२बी, २२सी अशी एकामागून एक. गणितात मॅथ १ए ते १डी, शिवाय लिनियर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स. फिजिक्स ४एला आधी कॅल्क्युलस हवं, मग ४बी, ४सी. त्यात इंग्रजी आणि सर्वसाधारण शिक्षणाचे विषय कोंबायचे. सगळं बसलं, पण जेमतेम. पहिल्याच फॉलला मॅथ १ए आणि २२ए मिळाले तरच. प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात करावी लागली असती तर दोन वर्षांत ते बसलंच नसतं. लोकप्रिय वर्ग भरतात आणि नव्या विद्यार्थ्याचा नोंदणीचा दिवस उशिरा येतो. म्हणून ओरिएंटेशन आणि शैक्षणिक आराखडा लवकर उरकून नोंदणीच्या पहिल्या तासात बसायचं असं ठरलं. वर्ग नाही मिळाला तर शेजारच्या कॉलेजात करता येतो, पण साखळीतले विषय दोन कॉलेजांत वाटण्याआधी असिस्टवर पाहावं लागतं. काही विद्यापीठांना अख्खी साखळी एकाच ठिकाणची हवी असते.

तक्त्यातून आणखी एक गोष्ट वर आली, आणि माझ्या मते या प्रकरणातली ती सर्वांत महत्त्वाची. दोन वर्षांनी बदली म्हणतात, पण अर्ज जातो दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्या वेळी हातात ग्रेड असतात ते फक्त पहिल्या वर्षाचे आणि उन्हाळ्याचे. म्हणजे कॉलेजात रुळायला म्हणून जी टर्म मुलं सोडून देतात, तिच्यावरच सारी भिस्त. हायस्कूलचे ग्रेड आता कुणी बघणार नाही ही थोरलीसाठी मोठी सुटका होती. पण नवी पाटी भरायला तीनच क्वार्टर मिळणार होते.

खात्री म्हणून काही मिळते का, असं बाबांनी विचारलं. मिळते, पण अटींसकट. टॅग नावाचा हमीचा करार सहा यूसी कॅम्पस करतात: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो त्यात नाहीत. टॅग एकाच कॅम्पससाठी भरता येतो, तोही सप्टेंबरातच. आणि कंप्युटर सायन्ससारखे गर्दीचे विषय बऱ्याच कॅम्पसनी त्यातून वगळलेले. कॅल स्टेटकडे बदलीसाठीची असोसिएट पदवी आहे, २०१०च्या कायद्याने आलेली. ती कॅल स्टेटच्या व्यवस्थेत कुठेतरी जागेची हमी देते. सॅन होजेला, हव्या त्याच विषयात मिळेल अशी हमी तिच्यात नाही. हा फरक न कळल्याने रडकुंडीला आलेली घरं मी पाहिली आहेत.

काय ठरलं आणि का

थोरली डि अँझाला गेली. मात्र पैसे वाचवायला नव्हे, हे घरातल्या प्रत्येकाने मान्य केल्यावर. पैसाच निर्णायक असता तर ईस्ट बे हे सरळ उत्तर होतं आणि मी तेच सांगितलं असतं. चार वर्षं एका जागी, कंप्युटर सायन्सची जागा हातात, बदलीची टांगती तलवार नाही. हे कुटुंब मुलीला दुसरी संधी विकत घेऊन देत होतं, आणि तिची किंमत किती ते आता त्यांना माहीत होतं.

तीन गोष्टी आधीच लिहून ठेवल्या. पहिल्या फॉलनंतर गणित आणि प्रोग्रॅमिंगचे ग्रेड घेऊन सगळ्यांनी बसायचं. दुसऱ्या सप्टेंबरात टॅग भरायचाच, कंप्युटर सायन्सला नसेल तर स्टॅटिस्टिक्ससारख्या, तिला मनापासून आवडेल अशा जवळच्या विषयाला. आणि बदलीच्या अर्जात ईस्ट बे पुन्हा ठेवायचं. त्यातली दुसरी गोष्ट ठरवायला सर्वांत वेळ लागला, कारण स्टॅटिस्टिक्स म्हणजे तडजोड असं थोरलीला वाटत होतं.

जाता जाता एक सांगायला हवं. हे घर एच-वन (नोकरीचा व्हिसा), एच-फोरवर (त्याच्या कुटुंबीयांचा) असतं तर हा कागद वेगळा झाला असता. एच-फोरवरची मुलं अटी पूर्ण केल्या तर राज्यातल्या विद्यार्थ्यांची फी भरू शकतात, पण केंद्र सरकारची आर्थिक मदत त्यांना नाही, आणि २१व्या वर्षी एच-फोर संपतो. तो वाढदिवस बहुधा बदलीनंतरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात येतो. अशा घरांनी वकिलाचा सल्ला आधी घ्यावा, कॉलेजचा नंतर.

पुढे

पहिला फॉल चांगला गेला. बसने जायची, परत येऊन लायब्ररीतून आणलेली पुस्तकं घेऊन बसायची. विद्यार्थ्यांच्या गर्दीत आपल्यासारखेच कितीतरी आहेत हे दिसल्यावर 'सगळे काय म्हणतील' हा विषय तिच्या बोलण्यातून गेला.

स्प्रिंगला फिजिक्स ४एमध्ये सी आला. इथे एक नियम फार कमी जणांना ठाऊक असतो: डी किंवा एफ आला तर विषय पुन्हा करता येतो, सी आला तर नाही. तो कायमचा राहतो. कंप्युटर सायन्सच्या ज्या याद्यांत फिजिक्स होतं त्या जागा तिथेच अवघड झाल्या. थोरलीने पुढचं फिजिक्स न घ्यायचं ठरवलं आणि ती टर्म लिनियर अल्जिब्रा आणि २२सीला दिली. स्टॅटिस्टिक्सला फिजिक्स लागत नव्हतं. घरी दोन दिवस अबोला होता. पण आधी लिहून ठेवलेला कागद होता, म्हणून भांडण त्या अबोल्यापलीकडे गेलं नाही.

सप्टेंबर २०२४मध्ये डेव्हिसच्या स्टॅटिस्टिक्ससाठी टॅग भरला, नोव्हेंबरात तो मंजूर झाला. सॅन होजे स्टेटच्या कंप्युटर सायन्सचा पुन्हा नकार आला, ईस्ट बेचा पुन्हा होकार. मे २०२५मध्ये तिने डेव्हिस घेतलं. तोवर तिला स्टॅटिस्टिक्स आवडायला लागलं होतं, आणि हे ती स्वतःच्या तोंडाने सांगत होती.

पैशाचा मूळ अंदाज दोन ठिकाणी हलला. कॅल स्टेटच्या विश्वस्तांनी सप्टेंबर २०२३मध्ये पाच वर्षं दर वर्षी ६ टक्के ट्यूशनवाढ मंजूर केली. २०२५-२६ला ती ६,४५० झाली, म्हणजे ईस्ट बेचे ४० हजार खरं तर थोडे वर गेले असते. यूसीत उलटा प्रकार. तिथे प्रत्येक तुकडीचा दर प्रवेशाच्या वर्षी ठरतो आणि सहा वर्षांपर्यंत तोच राहतो. थोरली २०२३ला थेट यूसीत गेली असती तर १३,७५२वर थांबली असती. बदली होऊन २०२५च्या तुकडीत आल्यामुळे तिला १४,९३४चा दर लागला. बदलीने येणाऱ्याला जुन्या तुकडीचा दर मिळत नाही. हे आमच्या कागदावर नव्हतं. इतरांनी ते धरावं.

बाबांची भीती अंशतः खरी ठरली. डेव्हिसला वर्ग सप्टेंबरअखेरीस सुरू झाले तेव्हा पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपचे अर्ज आधीच चालू होते. तिच्या वर्गातल्या इतरांनी प्राध्यापकांशी ओळखी करायला दोन वर्षं घेतली होती, तिच्याकडे तितके आठवडेही नव्हते. ती तयारी डि अँझाच्या शेवटच्या स्प्रिंगलाच व्हायला हवी: रेझ्युमे, एखादा छोटा प्रकल्प, शिफारस देऊ शकेल असा एक शिक्षक. बाबांनी तिला पहिल्या आठवड्यात रोज फोन केला, एवढंच सांगायला की हे तीन महिन्यांत बसतं, त्यांचंही बसलं होतं. ती कॅपिटॉल कॉरिडॉरच्या रेल्वेने महिन्यातून एकदा घरी येते.

ही निवड बरोबर होती का, असं आई मला विचारते. ईस्ट बेपेक्षा जवळपास दुप्पट खर्च आणि मेजर बदललेलं. माझं उत्तर असं की या घराला ते झेपणारं होतं आणि मुलीने डोळे उघडे ठेवून ते घेतलं, म्हणून बरोबर. ज्या घराला ८० हजारांसाठी कर्ज काढावं लागेल त्याला मी हीच वाट सुचवणार नाही.

धाकटा आता हायस्कूलमध्ये आहे. कॅलिफोर्नियात हायस्कूलची मुलं कम्युनिटी कॉलेजचे वर्ग घेऊ शकतात आणि त्यांची युनिटची फी सहसा माफ असते. आई त्याच्यासाठी उन्हाळ्यात एक वर्ग शोधते आहे. घ्यावा, पण झेपेल तोच घ्यावा असं मी तिला सांगितलं, कारण तिथला ग्रेड कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर चढतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जात दाखवावा लागतो. त्याने निवडलंय ते मानववंशशास्त्र. आईला गणित हवं होतं.